मनीची फ्लॉपी आणि माझा बंदोबस्त

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी मनीचा फोन. मनी म्हणजे आमची लेक. लहानपणी पावलांचा आवाज न करता घरभर फिरायची म्हणून मनी. आता स्वतः शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवते. फोन नेहमीप्रमाणे तिच्या आईशी चालला होता, पण शेवटी म्हणाली, बाबांना दे. हे नवीन. मनी माझ्याकडे काही मागत नाही. लग्नातसुद्धा काही मागितलं नाही, मीच संशय येऊन दोनदा विचारलं होतं.

काम असं: दहा वर्षांची असताना तिने घरच्या कॉम्प्युटरवर एक गेम बनवला होता. नाव 'वॉचमन'. तो तिला शाळेच्या प्रदर्शनात मुलांना दाखवायचाय, तुमच्या वयाची मुलगी हे करू शकते म्हणून. गेम एकाच फ्लॉपीवर आहे आणि फ्लॉपी माझ्याकडे. तेवीस तारखेला, रविवारी, ती न्यायला येणार. म्हणाली, बाबा, ती फ्लॉपी तेवढी शोधून बाजूला ठेवा, बाकी काही करू नका. 'बाकी काही करू नका' दोनदा म्हणाली. एकच गोष्ट दोनदा सांगणाऱ्या माणसाला त्यातून काहीतरी तिसरं सांगायचं असतं.

गेमचा नायक मी आहे. मनीने तसं कधी तोंडाने सांगितलं नाही, पण सांगायला कशाला हवं? एक वॉचमन टॉर्च घेऊन घरभर फिरतो, दारं तपासतो आणि एका ठिपक्याला पकडतो. ठिपका म्हणजे चोर. पकडल्यावर वॉचमन विचारतो, "सही केली का?" हे माझंच वाक्य. माझी उभी हयात कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली, माझ्या सहीशिवाय तिथून स्क्रूसुद्धा बाहेर पडला नाही. मी तो गेम तिच्या मागे उभा राहून एकदाच पाहिला, पण एवढ्याशा पोरीने बापाचं केलेलं ते कौतुक विसरलेलो नाही.

निर्णय: फ्लॉपी शोधायची. ताबडतोब एक कॉपी काढायची.

४ फेब्रुवारी

फ्लॉपी सापडली. सापडली म्हणजे काय, मी जिथे ठेवली होती तिथेच होती: कपाटात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, डब्याला दोरा, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला.

यंत्र माळ्यावरून काढलं. कीबोर्ड आणि कॉम्प्युटर एकाच खोक्यात, दोन खाचांची फ्लॉपीची पेटी वेगळी, पडदा नाहीच, टीव्हीला जोडायचं. आपल्या काळातलं काम.

हिने विचारलं, मनीने यंत्र काढायला सांगितलंय का. मी म्हटलं, तुला यातलं काही कळत नाही. ही म्हणाली, ते खरंच, मला पहिल्यापासूनच काही कळलं नाही. सूर नोंदवून ठेवला आहे.

५ फेब्रुवारी

यंत्र जुन्या टीव्हीला जोडायला कोपऱ्यावरचा टीव्हीवाला बोलावला. आल्या आल्या डब्याकडे बोट दाखवून विचारतो, काका, यात काय आहे? साधा माणूस असं विचारत नाही. मी म्हटलं, बिस्किटं. तर म्हणाला, द्या की एक. आता आली का पंचाईत! डबा पोटाशी धरून उभा राहिलो. त्याने चॅनेल लावला, चित्र आणलं आणि गेला. जाताना डब्याकडे पुन्हा पाहिलं.

हिने नंतर विचारलं, त्याला एक बिस्कीट दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

६ फेब्रुवारी, सकाळी ११

यंत्र चालू झालं! पहिला प्रश्न: आजची तारीख काय? याच्या पोटात घड्याळ नाही, दर वेळी विचारतं. सांगितली. मग वाटलं, याला कशाला हवी?

त्यानंतर काळा पडदा आणि एक लुकलुकणारी रेघ. तिथे हुकूम लिहायचा. डी-आय-आर, म्हणजे 'डिर', लिहिलं की फ्लॉपीवर काय काय आहे त्याची यादी येते. सगळे पहिल्यांदा डिरच लिहितात. मनी तर लहानपणी खुर्चीत बसायच्या आधीच एका हाताने डिर लिहायची. 'कॉपी' लिहिलं की कॉपी. पाच मिनिटांचं काम.

पण पाच मिनिटांचं आहे, हाच तर दोष आहे. कुणीही यावं, खुर्चीत बसावं, हुकूम सोडावा आणि यंत्राने ऐकावं? खिडकीवर कारकून नाही, इंडेंट म्हणजे मागणीची चिठ्ठी नाही, सही नाही. आमच्या स्टोअरमध्ये याला लूट म्हणायचे. आधी बंदोबस्त, मग कॉपी.

दुपारी ४

बंदोबस्त सापडला. माळ्यावरच्या खोक्यात एका कॉम्प्युटर मासिकाच्या अंकाला चिकटवलेली फ्लॉपी होती. फुकट होती म्हणून तेव्हा मी ती उघडलीच नाही. तिच्यावर एक 'शेल' आहे. शेल म्हणजे खिडकीवरचा कारकून. तुम्ही हुकूम लिहायचा, तो वाचून आत द्यायचा. शिवाय शेअरवेअर, म्हणजे आधी वापरा, आवडलं तर पैसे पाठवा.

आधी माल, मग पैसे. असा धंदा करणारा माणूस एकतर वेडा किंवा डांबिस. कुठेतरी पाणी मुरतंय.

निर्णय: शेल बसवायचा, पण डोळ्यांत तेल घालून.

७ फेब्रुवारी

शेल बसला, त्याची फ्लॉपी पेटीच्या वरच्या खाचेत कायमची. दोनदा चुकलं, तो दोष वायरचा.

सुरुवातीलाच पडदाभर निवेदन. हा प्रोग्रॅम तीस दिवस वापरून पाहा. आवडला तर नोंदणी करा, आम्ही पुस्तिका पाठवू. नाही आवडला तर पुसून टाका. आमचा तुमच्यावर विश्वास आहे. पुढे जाण्यासाठी कोणतंही बटण दाबा.

मी हे तीनदा वाचलं. आमचा म्हणजे कुणाचा? मला कुठे पाहिलंय यांनी? इतकी वर्षं नोकरी केली, निरोपाच्या भाषणात साहेब माझ्याबद्दल खूप बोलले, पण हे वाक्य कुणी उच्चारलं नाही. आणि हा परका माणूस, ना ओळख ना पाळख, थेट विश्वासावरच आला.

'कोणतंही बटण' हासुद्धा सापळा वाटतो. त्यांना सुचणार नाही असं अगदी कोपऱ्यातलं बटण दाबलं. तरी पुढे गेलं. म्हणजे कोपऱ्याचाही विचार करून ठेवलाय.

कॉपी उद्या.

८ फेब्रुवारी

शेल दिवस मोजतोय. पण त्याला तारीख सांगणारा मीच! आज मुद्दाम गेल्या वर्षीची तारीख घातली. निवेदनात आलं, तुम्ही हा प्रोग्रॅम उणे तीनशे आणि वर काही दिवस वापरत आहात. खाली पुन्हा तेच: आमचा तुमच्यावर विश्वास आहे.

आपण खोटं बोलतोय हे समोर दिसत असूनही जो विश्वास ठेवतो, त्याच्याशी वागायचं कसं?

९ फेब्रुवारी

भयंकर शोध. वरच्या बाणाचं बटण दाबलं की मी आधी लिहिलेला हुकूम पुन्हा पडद्यावर येतो. आणखी दाबलं की त्याच्या आधीचा. बंद करून चालू केलं तरी कालचे, परवाचे, सगळे हुकूम हजर. चुकलेलेसुद्धा. याला ते सोय म्हणतात. आमच्याकडे याला चहाडी म्हणतात.

हिला बोलावून दाखवलं. ही म्हणाली, बरंय की, तुम्हाला काल काय केलं ते आठवत नाही नाहीतरी. मी म्हटलं, मला सगळं आठवतं. ही म्हणाली, मग चष्मा कुठाय? चष्मा कपाळावर होता, आणि तो तिथे आहे हे मला माहीत होतं.

१० फेब्रुवारी

जावई आला. सोमवार असताना. म्हणे, इकडून चाललो होतो. इकडून कुठेच जाता येत नाही, आमचा रस्ता आमच्या घरापाशी संपतो.

चहा पिताना हळूच विषय काढला. त्याच्या ऑफिसात जुन्या फ्लॉप्या वाचायचं एक यंत्र आहे. बाबा, माझ्याकडे द्या, पाच मिनिटांत कॉपी काढतो, उद्या परत आणून देतो. मी सांगितलं, गेट पासशिवाय माल बाहेर जात नाही. तो हसला आणि म्हणाला, गेट पास कोण देतं? मी म्हटलं, मी. मग द्या ना, म्हणाला. मी म्हटलं, मी सध्या रिटायर आहे.

हसताना त्याने हिच्याकडे पाहिलं आणि हिने त्याच्याकडे. सासू-जावयाचं इतकं पटणं बरं नव्हे. जावयाचा डाव माझ्या लक्षात आला आहे: कॉपी काढायची आणि मनीसमोर फुशारकी मारायची, तुझ्या बापाला महिनाभरात जमलं नाही ते मी पाच मिनिटांत केलं.

महिना नाही, आठवडा झालाय फक्त. आणि मी कॉपी काढणारच आहे.

१२ फेब्रुवारी

शेलमध्ये 'अलियास' नावाची सोय आहे. म्हणजे आपलं उर्फ. कुठल्याही शब्दाला आपण ठरवू तो अर्थ देता येतो. आजवर चोरच उर्फ वापरत आले. आता पहारेकऱ्याने वापरायची पाळी आली!

विचार असा: चोर खुर्चीत बसला की पहिल्यांदा काय लिहिणार? डिर. तेव्हा डिरचा अर्थच बदलून टाकला. आता डिर लिहिलं की यादी येत नाही, पडद्यावर अक्षरं उमटतात: 'तू कोण आहेस ते मला कळलं आहे.' चोराच्या मनात चांदणं असतंच, ते वाचून तो जागच्या जागी पाणी पाणी होईल. मला स्वतःला यादी हवी असली तर 'गोदाम' लिहायचं. हे कुणाला कळणं शक्य नाही. लिहूनही ठेवलेलं नाही, या रोजनिशीखेरीज.

१३ फेब्रुवारी, सकाळी ९

कुणीतरी यंत्रात शिरलं आहे!

चालू केलं, सवयीने डिर लिहिलं, आणि पडद्यावर आलं: 'तू कोण आहेस ते मला कळलं आहे.' प्लग उपटला. दार लावून घेतलं. हिला विचारलं, काल घरात कोण आलं होतं?

सकाळी ९.३०

तो मजकूर माझाच होता.

एक मात्र सिद्ध झालं. सापळा चालतो, आणि चांगला चालतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज फार विचित्र प्रकार. सकाळपासून ही माझ्या चष्म्याच्या मागे लागली. दांडी सैल झाली आहे, दुकानात जाऊन घट्ट करून आणा. एरवी मी चष्म्याशिवाय भिंतीवर आपटलो तरी हिचं लक्ष नसतं. दुकानदाराने दोन मिनिटांत काम केलं, पण पुढे तिघे होते. घरी आलो तर जावई निघत होता. म्हणे, छत्री परत द्यायला आलो होतो.

गेल्या कित्येक दिवसांत पाऊस नाही. छत्री कशाला?

ही स्वयंपाकघरात गाणं गुणगुणत होती. आणि मुद्द्याची गोष्ट: अंघोळीच्या वेळी मी किल्ली काढून खिळ्याला लावली होती, ती तिथेच विसरून मी बाहेर गेलो होतो. डबा पाहिला. दोरा आहे, पण गाठ माझी नाही. माझी गाठ सुटता सुटत नाही. ही सुबक होती, ओढली की सुटणारी.

डब्यात फ्लॉपी नाही! तीनदा पाहिलं. हिला काही बोललो नाही. चोर चोरी करून पुन्हा त्याच जागी येतो, तोवर ताकास तूर लागू द्यायची नाही. जेवण गेलं नाही. मनी मला काय म्हणेल हेच डोक्यात.

१६ फेब्रुवारी

सकाळी जावई पुन्हा हजर. छत्री न्यायला. काल आणली ती आज नेली! मी त्याच्या मागे मागे फिरत होतो, मध्ये फक्त दुधाचे पैसे द्यायला दारापर्यंत गेलो. तो गेल्यावर डबा उघडला तर फ्लॉपी आत! जीव भांड्यात पडला. पण लेबल खालच्या बाजूला होतं. मी लेबल वर ठेवतो.

निष्कर्ष: नेली, प्रयत्न केला, जमलं नाही, परत आणून टाकली. मोठ्या यंत्राच्या गप्पा मारत होता ना! आता तो इथेच येणार आणि माझ्या यंत्रावर कॉपी काढणार. येताना स्वतःची कोरी फ्लॉपी आणणार.

येऊ दे.

१८ फेब्रुवारी

नुसत्या धमकीने भागणार नाही. आज पक्का बंदोबस्त केला. विचार करूनच केला, घाईने नाही.

चोर येईल. स्वतःची फ्लॉपी पेटीत घालेल. डिर लिहील. आता डिरचा अर्थ आहे फॉरमॅट. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसून कोरी. त्याची फ्लॉपी त्याच्याच हाताने साफ! कॉपी लिहिलं तरी तेच. टाइप, म्हणजे फाइल वाचायचा हुकूम, लिहिलं तरी तेच. शेल सांगत होता की फॉरमॅटच्या आधी 'नक्की का?' असं विचारायची पद्धत आहे. ती मी काढून टाकली. चोराला विचार करायला वेळ कशाला द्यायचा?

चाचणी घ्यावी असं मनात आलं. पण चाचणीला फ्लॉपी लागते, आणि चांगली फ्लॉपी उगाच पुसायची हे स्टोअरच्या शिस्तीत बसत नाही.

'गोदाम' हा शब्दही बदलला. तेवढा मात्र इथे लिहीत नाही. ही रोजनिशी ही वाचत नसेल कशावरून?

१९ फेब्रुवारी

गुप्त शब्द आठवत नाही.

किल्ली लिहून पाहिलं. कुलूप, सही, पहारा, मनी. नाही. माझं नाव. तेही नाही. दर वेळी शेल म्हणतो, हा हुकूम मला माहीत नाही. हा शेल मुद्दाम करतोय असं मला वाटतं. निवेदनात मात्र विश्वास!

वरचा बाण दाबून मागचे हुकूम पाहावेत, त्यात शब्द सापडेल, असं एकदा वाटलं. पण चहाडखोराची मदत मी घेत नाही.

संध्याकाळी मनीचा फोन. ही बराच वेळ हळू आवाजात बोलली. मी जवळ गेलो की मोठ्या आवाजात, हवा काय म्हणते? शेवटी मनीने मला विचारलं, बाबा, फ्लॉपी ठीक आहे ना? मी म्हटलं, इतकी सुरक्षित ती जन्मात नव्हती. तिने विचारलं, तुम्ही तिला काही केलं नाही ना? मी म्हटलं, मी तिला बोटही लावलेलं नाही. हे अक्षरशः खरं आहे. कॉपी काढायची राहिलीच आहे.

२१ फेब्रुवारी

निर्णय: मनी येईपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही. जो काही करत नाही तो चुकत नाही.

कॉपी मनीच्या समोरच काढू. तिलाही बरं वाटेल.

२३ फेब्रुवारी, रविवार, सकाळी १०

यंत्र पुसलं. टीव्ही पुसला. खुर्चीवर उशी ठेवली. मनी लहानपणी उशीशिवाय पडद्यापर्यंत पोचायची नाही. आता लागणार नाही, पण असू दे.

रात्रभर मनात एक दृश्य: मनी गेम लावते, वॉचमन टॉर्च घेऊन फिरतो आणि ती म्हणते, मुलांनो, हे माझे बाबा.

दुपारी २

झालं ते क्रमाने नोंदवतो.

मनी आली, जावई आला. डबा मी स्वतः आणला, दोरा स्वतः सोडला, फ्लॉपी स्वतः तिच्या हातात दिली. सही मागितली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मागितली नाही. तिने फ्लॉपीवरचं स्वतःचं वेडंवाकडं अक्षर पाहिलं, हसली, फ्लॉपी पेटीत घातली. शेलचं निवेदन वाचून म्हणाली, अरे वा, बाबा, तुम्ही हे बसवलंत? खुर्चीत बसायच्या आधीच तिचा एक हात कीबोर्डवर गेला. मी कौतुकाने बघत होतो. तसाच हात, तीच तीन अक्षरं. डिर.

पेटीचा लाल दिवा लागला. लागला तो विझेना. खर्र, खर्र, खर्र.

मनीने कान टवकारले. म्हणाली, बाबा, हा डिरचा आवाज नाही. हा फॉरमॅटचा आवाज आहे.

तोवर मला आठवलं. ओरडणार होतो, पण काय ओरडायचं तेच सुचेना. 'चोर' एवढाच शब्द तोंडातून निघाला. मनीने प्लग ओढला, पण उपयोग नव्हता. पुन्हा लावून पाहिलं, पेटीने फ्लॉपी ओळखायला नकार दिला. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मी लगेच सांगितलं, फ्लॉपी जुनी झाली होती. हवा दमट आहे. टीव्हीवाल्याने वायर नीट लावली नाही. फुकटच्या प्रोग्रॅमवर भरवसा ठेवू नये, हे मी पहिल्यापासून म्हणत आलोय. मनीने वरच्या बाणाचं बटण दाबलं. एकदा, दोनदा. मग पार मागे जाऊन खालच्या बाणाने पुढे येत राहिली. माझे सगळे हुकूम एकेक करून वर येत होते. तू कोण आहेस ते मला कळलं आहे. डिर म्हणजे फॉरमॅट. विचारणा बंद. किल्ली. कुलूप. सही. पहारा. मनी. त्या शेवटच्या शब्दावर ती जरा थांबली.

मग उठून स्वयंपाकघरात गेली. आतून आवाज येतोय. रडतेय. तिची आईही रडतेय वाटतं. मी इथे दार लावून बसलो आहे. तिने कधी नव्हे ते एक गोष्ट मागितली होती माझ्याकडे.

संध्याकाळी ६

रडत नव्हत्या. हसत होत्या. दोघी एकमेकींना धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

जावयाने दार वाजवून मला बाहेर बोलावलं. गेमची कॉपी त्याच्याकडे आहे. एक लॅपटॉपवर, एक कोऱ्या फ्लॉपीवर, एक मनीच्या शाळेत. पंधरा तारखेलाच काढली. फ्लॉपी काढून दिली हिने. मनीने मला तीन तारखेला फोन केला, त्याच्या दुसऱ्याच मिनिटाला हिला करून सांगितलं होतं: आई, बाबा काहीतरी करणार, त्याआधी ती फ्लॉपी घराबाहेर काढ. मग मला कशाला सांगितलं, असं मी विचारलं. मनी म्हणाली, तुमच्या कपाटातली वस्तू, तुम्हाला न विचारता कशी घ्यायची?

मी हिला म्हटलं, गाठ तुझी होती तर. ही म्हणाली, अहो, तुमच्या गाठी सोडवायची सवय आहे मला.

यावर माझ्याकडे पुष्कळ उत्तरं होती. देणार होतो, पण जावयाने लॅपटॉप टेबलावर ठेवून गेम लावला.

मी सगळ्यांना पुढे बोलावलं. नीट बघा म्हटलं, हा नायक. वॉचमन टॉर्च घेऊन निघाला, दारं तपासू लागला. मी मनीला म्हटलं, चालव त्याला, त्या चोराला पकड. मनी माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, बाबा, वॉचमन आपण चालवत नाही, तो आपोआप फिरतो. आपण ठिपका चालवतो.

ठिपका म्हणजे कोण, मी विचारलं.

मी, म्हणाली.

ठिपका म्हणजे पलंगावरून उठलेली मुलगी. तिला घरातून आवाज न करता जायचं असतं, शेवटच्या खोलीतल्या कॉम्प्युटरपर्यंत. वाटेत वॉचमन. टॉर्चच्या उजेडात सापडलं की 'सही केली का?' आणि पुन्हा पलंगावर. जावयाने विचारलं, सही कसली? तेव्हा ही म्हणाली, अरे, घरचा कॉम्प्युटर हे पोरीला इंडेंटवर द्यायचे. चिठ्ठी लिहायची, सही करायची, मग अर्धा तास. चिठ्ठी नसली तर नाही.

शिस्त होती ती. यंत्र टिकलं ते त्यामुळेच. मी हे बोललोसुद्धा, पण कुणाचं लक्ष नव्हतं, मनी खेळत होती. काय खेळते! भिंतीला चिकटून, वॉचमनची पाठ वळली की दोन पावलं. एकदाही सापडली नाही. शेवटच्या खोलीत ठिपका कॉम्प्युटरजवळ पोचला, तेव्हा वॉचमन दारात आला. मला वाटलं, आता पकडणार. तर त्याने टॉर्च बंद केली, आत आला आणि ठिपक्याच्या शेजारी जाऊन बसला. खेळ संपला.

हे मी तेव्हा पाहिलं नव्हतं. मी मागे उभा होतो तेव्हा ती पहिल्याच दारात सापडली होती आणि मी खूश होऊन निघून गेलो होतो.

मी विचारलं, असं का केलंस शेवटी? मनी म्हणाली, दहा वर्षांची होते हो बाबा, सुचलं ते केलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार, दुपारी

काल जाताना मनीने माझे सगळे उर्फ पुसले. नवी फ्लॉपी डब्यात ठेवून गेली. दोरा बांधला नाही. मीही बांधला नाही.

सकाळी यंत्र लावलं. तारीख विचारली, खरी सांगितली. निवेदन आलं. आमचा तुमच्यावर विश्वास आहे. नोंदणीचे पैसे पाठवावेत म्हणतो. मनी म्हणते, तो पत्ता आता कुठला राहिलाय.

मग गेम खेळायला बसलो. म्हटलं, शेवटच्या खोलीपर्यंत तर जाऊ. पहिल्या दाराशीच वॉचमनने पकडलं. सही केली का? पुन्हा पलंगावर. भिंतीला चिकटून गेलो, तरी पकडलं. मग एका जागी नुसता उभा राहिलो, हललोसुद्धा नाही. तरी येऊन तोंडावर टॉर्च मारली! जेवणाच्या वेळेपर्यंत एक खोलीसुद्धा ओलांडता आली नाही. काय माणूस आहे! ना ऐकून घेणं, ना समजून घेणं.

शेवटी वैतागून हिला हाक मारली. म्हटलं, या माणसासमोरून कुणी जायचं तरी कसं? इतकी वर्षं कशी काढलीस तू?

ही भाजी चिरत होती. म्हणाली, पावलांचा आवाज न करता.